मोहाखालची पहारेकरीण

मोहाच्या झाडांखाली आज एकही रानडुक्कर नव्हतं, आणि मंगलीला आधी आनंदच झाला. रोज अर्धीअधिक फुलं ती मेली फस्त करायची. काल तिनंच नवऱ्याच्या, बुधूच्या, कानीकपाळी ओरडून त्याला सुतळी बॉम्ब फोडायला लावले होते. कळप शेपट्या वर करून पळाला होता.

"आत्या, मी डुकरं खातेत त्या झाडाखाली जातो," सून दिव्यानी म्हणाली. "तिथी सडाच पडला हाये." आणि ती वाकून वेचायला लागलीसुद्धा.

मंगलीनं दोन मुठी वेचल्या आणि तिचा हात थांबला. केवढी ही शांतता! कळप खायचा तेव्हा एक म्हातारी डुकरीण स्वतः न खाता, मान वर करून उभी असायची. तिनं नाकातून फुस्स केलं की पिल्लांना मध्ये घेऊन सगळा कळप उधळायचा, आणि मंगलीही टोपली टाकून गावाकडे पळायची. मागच्या मोसमात ती वाघापासून अशीच वाचली होती. वाघाचा वास माणसाला थोडाच येतो? आणि त्या म्हातारीलाच आपण हाकलून दिलं.

ती सुनेकडे धावली. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळलेला होता. त्या राखेत वाघाचा पंजा उमटला होता, तिच्या तळहाताहून मोठा. पहाटेपासून फुलं टपटपत होती, सगळी राख झाकत आली होती. पंजात मात्र एकही फूल नव्हतं. म्हणजे तो आत्ताच इथून गेला होता.

"उठ. वाकू नको."

"काऊन?"

"उठ म्हणतो ना!"

वाकलेलं माणूस वाघाला जनावरच वाटतं, हे मंगलीला ठाऊक होतं. दिव्यानीचा दंड धरून ती गावाच्या पायवाटेला लागली. इतक्यात पुढच्या झुडपांपलीकडून तोच आवाज आला. फुस्स! मग खुरांची धावपळ, पिल्लांचं केकाटणं. म्हातारी आपल्या कळपाला सांगत होती, आणि मंगलीनंही ते ऐकलं. वाघ गावाच्या वाटेवरच होता.

दोघी तशाच मागं फिरल्या आणि कालव्याच्या काठानं, लांबच्या लांब वळसा घालून, मोठमोठ्यानं बोलत घरी पोचल्या.

बुधू अंगणात हसत उभा होता. "नाई ना आली डुकरं? टोपल्या कुठी?"

"झाडाखाली सोडल्या," मंगली म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "खाऊ द्या फुलं त्याईले. आता बॉम्ब फोडले तं पाहा तुमी."