तारेतला कागद

भिकाजी मास्तरांनी फळा धोतराच्या सोग्यानं पुसला. इतक्या सेवेनंतर मिळणार काय होतं? एक शाल, बेंगळुरूची एक फेरी, आणि तालुक्याच्या ठिकाणी बसून इतर मास्तरांना शिकवायची खुर्ची. रामनगरचा प्रौढांचा इंग्रजी वर्ग तपासणी समितीला आवडला की तिन्ही पदरात.

सव्वीस वर्षं ते मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवत होते. आधी कॅसलरॉकच्या रेल्वे खलाशांना, मग इथे. रीत त्यांची स्वतःची. पुस्तक नाही. ज्याला जो कागद नडेल तो त्याचा धडा: औषधाचं वेष्टन, पार्सलाची पावती. तो दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचा नाही; मास्तरही आधी बघणार नाहीत. ज्याचा त्यानं वाचायचा आणि वाचून झाला की खिडकीजवळच्या तारेत ओवायचा. शिवाय रोज एकानं फळ्यावर इंग्रजीत तारीख लिहायची.

तीन आठवड्यांपूर्वी सुपरवायझर कृष्णाप्पा सांगून गेला होता, "मास्तर, ह्या चिठ्ठ्या-चपाट्या आता बंद. समितीला गुड आफ्टरनून पाहिजे. पाठ करून घ्या."

मास्तरांनी मान हलवली. त्याच दिवशी वर्गातल्या पार्वतीनं पदराआडून लिफाफा काढला.

"मास्तर, ह्यांच्या डोळ्याचा कागद आलाय बेळगावास्नं. एक डोळा गेलाच, दुसऱ्याचं तरी ऑपरेशन करतो म्हटल्यात तपासताना."

"समिती येऊन जाऊ दे. मग पहिला धडा तुझाच."

"कंडक्टरला दाखव की गे," लाकडाच्या डेपोतला लखू म्हणाला. "मास्तरांची परीक्षा हुईपतूर झिलूमामा भिंत चाचपाय लागंल."

"गप रे. दुसऱ्याकडनं वाचून घेणार न्हाई म्हणून शब्द दिलाय मी." तिनं लिफाफा कमरेला खोचला. "फोडलासुदीक न्हाई बघ."

त्या आवाजातला अभिमान ऐकून मास्तर उगाच खडूच्या डबीत खडू शोधू लागले. आण इकडे, एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? तेवढ्यात एक गुड आफ्टरनून बसत होतं. ते त्यांनी बसवलं.

आज समिती आली, तिघांची. त्यातल्या मोठ्या साहेबांनी चकलीची तेलकट बोटं हजेरीपटालाच पुसली. वर्ग एका सुरात म्हणाला, आय ॲम हॅपी. लखूनं तर हॅपी म्हणताना मानही डोलावली, शिकवल्याप्रमाणे. मास्तरांच्या तोंडात कडू थुंकी जमली. पाहुण्यांसमोर ती गिळावी लागली.

"पाठ केलेलं पुरे," मोठे साहेब म्हणाले. "कुणी काही वाचून दाखवेल?"

कृष्णाप्पाचा चेहरा उतरला. पार्वती मात्र उठली. तिला वाटलं, तिचा धडा आला. मास्तरांनी हात अर्धा वर केला आणि तसाच खाली घेतला.

तिनं लिफाफा फोडला, ओळीवर बोट ठेवलं.

"आय... ऑपरेशन. कम ऑन... ट्वेन्टी-नाइन जान्युअरी."

बोट थांबलं. तिनं फळ्याकडे पाहिलं. पाच फेब्रुवारी. सकाळी आंघोळ करून येऊन, अक्षर वळवून वळवून तिनंच लिहिलेलं. मग शेवटची ओळ तिनं अडखळत, पण सोडून न देता वाचली.

"नेक्स्ट कॅम्प... नेक्स्ट इयर."

साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. लखूनं वाजवल्या नाहीत.

"वा! पण काय वाचलं ते कळतं का हिला?"

"कळतंय की," पार्वती म्हणाली. तिनं कागदाची घडी केली, खिडकीशी जाऊन तो तारेत ओवला आणि जागेवर येऊन बसली.

शाल जीपमध्येच होती. डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारी ती शाल साहेबांनी मास्तरांच्या खांद्यावर टाकली. साहेबांच्या बोटांना अजून चकलीचं तेल होतं. मास्तर हात जोडून उभे राहिले. स्वतःचे ते जोडलेले हात त्यांना बघवेनात.

बाहेर पायरीवर पार्वतीचा नवरा झिलू उन्हाकडे तोंड करून बसला होता. पावलं ओळखून तो हसला.

"मास्तर, टाळ्या आमच्या हिलाच न्हवं?"

"व्हय."

"मग वाचलंन म्हणा कागद. कधी जायचं?"

मास्तरांनी मागे पाहिलं. पार्वती अजून उठली नव्हती.

शाल मास्तरांना मिळाली, चांगला शेरा कृष्णाप्पाला, चकल्या समितीला. त्याचं मोल झिलूनं भरलं होतं, आणि अजून त्याला कुणी सांगितलं नव्हतं.