आवाजाखालचं नाव

बाबाला पुरून आम्ही रिव्हर्टनच्या बंदरावरच्या हॉलमध्ये आलो, तेव्हा सेमिसी अजून पडद्यावर थांबलेला होता. चहाच्या टेबलाच्या टोकाला, चीज रोलच्या दोन परातींमध्ये कुणीतरी माझा लॅपटॉप ठेवला होता. सेमिसी टोंगातल्या वावाऊ बेटावर शाळेत शिकवतो आणि गेली पाच वर्षं माझ्याबरोबर ‘करोरो’ सांभाळतो. करोरो हे आमचं निरोपांचं आणि गप्पांचं सॉफ्टवेअर. आमच्या किनाऱ्यावरच्या काळ्या पाठीच्या पक्ष्याचं नाव आम्ही त्याला दिलं, कारण तो पक्षी कुठेही आणि कशावरही जगतो. करोरोचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे. कुणीही वाचावा, वापरावा, सुधारावा. पगार कुणालाच नाही. मिळतं ते एवढंच, की तुम्ही केलेल्या बदलावर तुमचं नाव कायमचं राहतं.

सेमिसीने काळे कपडे घातले होते आणि त्यांच्याकडच्या रिवाजाप्रमाणे दुखवट्याची चटई कमरेला गुंडाळली होती. माझ्या बाबाला तो कधी भेटला नव्हता.

“आंटी, आज हे बोलू नये, पण बोलतो,” तो आईला म्हणाला. “आमची समुद्राखालची तार तुटली होती ना, तेव्हा पाच आठवडे आमच्याकडे नुसती उपग्रहाची लाइन होती. केसाएवढी. बाकीची सगळी सॉफ्टवेअरं आचके देऊन गप्प झाली. करोरो बोलत राहिलं. एक बाई अडली होती, ऑकलंडचा डॉक्टर त्याच्यावरून आमच्या नर्सला सांगत होता, आता हे कर, आता ते कर. चित्र कधीच गोठलं होतं, पण आवाज एकदाही तुटला नाही. मुलगी झाली. तिचं नाव काय ठेवलं माहितीय? हिचंच, मोराग. टोंगात मोराग! पाद्रीबाबांनी दोनदा विचारलं, नक्की ना?”

आजूबाजूचे हसले. आईही हसली, दिवसभरात पहिल्यांदाच. मग माझ्याकडे बघत बाबाबद्दल म्हणाली, “मर्डोही त्या आवाजाच्या भानगडीत होता काहीतरी. जेवणाच्या टेबलावर नुसता पसारा. अख्खा हिवाळा मी ताटली मांडीवर घेऊन जेवले.”

“हो? मोराग, कधी बोलली नाहीस,” सेमिसी म्हणाला.

“मी चहा आणते,” मी म्हणाले.

चहा कुणालाच नको होता. सगळ्यांचे कप भरलेले होते. मी स्वयंपाकघरात जाऊन बॉयलरपाशी उभी राहिले आणि परत आले तेव्हा विषय बदलला होता. जाताना ह्यूई नावाच्या म्हाताऱ्या कोळ्याने माझा हात हातात घेतला. “तुझ्या बापाचं ते आम्ही बोटीवर रोज वापरतो हं,” तो म्हणाला. मला वाटलं, रेडिओबद्दल म्हणतोय. बाबाने चाळीस वर्षं त्या बंदरावरच्या बोटींचे रेडिओ दुरुस्त केले होते.

आठ वर्षांपूर्वी करोरोत फक्त लिहिता येत असे. लोक आवाज मागत होते, चित्र मागत होते. आम्ही दोनदा प्रयत्न करून सोडून दिला होता. चांगल्या लाइनवर चालायचं आणि वाईट लाइनवर बोलणाऱ्याचा जीव गुदमरायचा. बाबा तेव्हा नुकताच निवृत्त झाला होता. वाचनालयातून पुस्तकं आणून तो सहासष्टाव्या वर्षी कोड लिहायला शिकला. मला वाटलं, वेळ जात नाही म्हणून.

एका रविवारी मला म्हणाला, “पोरी, तुमची चूक सांगू? तुम्ही चित्राच्या पाठी लागलाय. ओठ जुळावेत म्हणून आवाजाला थांबवून ठेवता. वादळातल्या माणसाला कुणाचे ओठ बघायचे असतात?”

“बाबा, लोकांना ओठ जुळलेले लागतात.”

“लागू देत. अर्धा शब्द ऐकू आला तरी माणूस उरलेला ओळखतो. पण शब्द उशिरा आला ना, की तो मागच्या शब्दावर येऊन आदळतो. उशिरा आलेला फेकून द्यायचा. आधीचा थोडा ताणायचा आणि पुढे जायचं. कानाला कळतसुद्धा नाही.”

मी हो हो म्हटलं. महिन्याभराने आमच्या मेलिंग लिस्टवर त्याचा कोड येऊन पडला. खाली नाव: एम. टुलॉक, रिव्हर्टन. माझं आडनाव तेव्हा लग्नानंतरचं, रेनी. तो माझा कोण हे तिथे कुणाला माहीत नव्हतं आणि त्यानेही सांगितलं नव्हतं.

आमच्यात नवा कोड चारचौघांत तपासला जातो. कुणीतरी दुसऱ्याने वाचायचा, चुका काढायच्या, आणि ते सगळं जगाला वाचता येतं. आवाजाच्या भागाची तपासणी माझ्याकडे होती. मी ती दुसऱ्या कुणाला देऊ शकले असते. ‘हे माझे वडील आहेत’ एवढं एकच वाक्य लिहायचं होतं.

त्याचा कोड बघून मला लाज वाटली. अकराशे ओळी एकाच फाइलमध्ये. टिपा सगळ्या मोठ्या अक्षरांत, तारेसारख्या. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी, बोटीच्या रेडिओवर बोलणं संपवताना म्हणतात तसं, ‘ओव्हर’. ‘आदरणीय योगदानकर्ते’ अशी सुरुवात करून मी त्याच्या एकतीस चुका काढल्या आणि शेवटी लिहिलं, ‘हे बोटींचं वर्कशॉप नाही. यापुढे नियम वाचून मगच इतरांचा वेळ घ्यावा.’ नऊ जणांनी खाली हसण्याच्या खुणा टाकल्या. त्या मी मोजल्या होत्या. तेव्हा त्या मला आवडल्या होत्या.

त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ‘समजलं. दुरुस्त करतो. ओव्हर.’

त्याने चार वेळा पाठवलं. दुसऱ्या वेळी मी नावं वाईट म्हटली, तिसऱ्या वेळी मोकळ्या जागा. चौथ्या वेळेपर्यंत मला दिसलं होतं की त्याची युक्ती चालते आहे. माझ्याकडच्या सगळ्यात वाईट लाइनवर मी ती चालवून बघितली आणि आवाज झऱ्यासारखा येत राहिला. हे मी लिस्टवर लिहिलं नाही. मग त्याने मला एकटीला पत्र पाठवलं. ‘कामाचं असेल ते घे. साफसफाई तूच कर, तुझा हात नीटनेटका आहे.’

मी चाळीस दिवस साफसफाई केली. ती खरंच चांगली केली. शेवटी त्याचे तुकडे आणि माझी आवराआवर असं सगळं एकाच बदलात गोळा केलं. असं करतात आमच्यात. इतिहास सुटसुटीत राहतो. फक्त त्यावर नाव गोळा करणाऱ्याचं येतं. मूळ लेखकाचं हाताने लिहावं लागतं. एक ओळ. नव्या लोकांना ती ओळ लिहायला मीच शिकवते.

विसरले, असं पहिल्या दिवशी मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी आठवलं, आणि तेव्हा बदल अजून माझ्याच मशीनवर होता. ते नाव लिहिलं असतं तर त्या एकतीस चुका कुणीतरी पुन्हा उघडून वाचल्या असत्या. मी तसाच पाठवून दिला.

त्या कामावर मला वेलिंग्टनच्या संमेलनात बोलायला बोलावलं. त्याच कामावर पुढे ड्यूनेडिनची नोकरी मिळाली. भाषणात मी म्हणाले, ही कल्पना मला किनाऱ्यावर वाढल्यामुळे सुचली. बाबा घरून बघत होता. नंतर करोरोवरच त्याचा फोन आला.

“आवाज छान येत होता,” तो म्हणाला.

शेवटचे तीन आठवडे तो इन्व्हरकार्गिलच्या हॉस्पिटलात होता. शनिवार-रविवारी मी गाडीने जायचे, बाकीच्या दिवशी दुपारी फोन. तिथली लाइन वाईट. त्याचा चेहरा गोठायचा, तोंड अर्धवट उघडं, आणि आवाज चालू असायचा. रोज मनाशी ठरवायचे, आज सांगायचं. एकदा म्हणालेही, “बाबा, ते आवाजाचं...” तो म्हणाला, “येतोय, येतोय, बोल तू.” मी हवापाण्याचं बोलले.

हॉलवरून आणलेल्या परातींवर खाली ज्याच्या त्याच्या नावाच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आई त्या धुऊन घरोघर पोचवायला वेगळ्या करत होती. मी पुसत होते.

“त्यात मर्डोचं नाव आहे का गं कुठे?” तिने विचारलं.

“कशात?”

“वेड पांघरू नकोस.”

“नाही,” मी म्हणाले. “माझं आहे.”

आईने नळ बंद केला. “मी त्याला तेव्हाच विचारलं होतं. म्हणाला, असेल आत कुठेतरी, आपल्याला काय दिसतंय. धक्क्यावर मात्र सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, माझं नाव आहे त्यात. ह्यूई चिडवायचा, दाखव की मग. तर म्हणायचा, आधी तू वाचायला शीक.”

“त्याने बघितलं असेल?”

“असेल काय? एक सांधा जोडला की दोनदा तपासायचा तो माणूस. बघितलं असणारच.”

“रागावला होता?”

“तुझं ते भाषण तीनदा बघितलं त्याने. मला नको विचारू. मी त्याच्या जागी असते तर कानाखाली वाजवली असती तुझ्या.” तिने हात पुसले. “अजूनही वाजवेन.”

“वाजव.”

“चल, त्या सिंक्लेअरबाईंच्या तीन पराती घे गाडीत.”

परत आल्यावर मी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसले. बाहेर लख्ख ऊन होतं. करोरोचा जुना इतिहास बदलता येत नाही. म्हणजे येतो, पण त्याची प्रत जगभर शेकडो लोकांकडे आहे. मागचं काही खोडलं तर सगळ्यांचं काम मोडतं, आणि तसं करणाऱ्याला आमच्यात कुणी उभं करत नाही. आठ वर्षांपूर्वीच्या त्या बदलावर माझं नाव राहणारच होतं. एकच गोष्ट करता येत होती. आवाजाचा सगळा भाग आज काढून टाकायचा आणि त्याच्या नावाने पुन्हा घालायचा.

काढायला काहीच लागलं नाही. मधे तपासण्यांचं यंत्र आपोआप चालू झालं आणि एकेक तपासणी लाल होत गेली. माझ्या समोरच्या प्रतीत करोरोला आता आवाज नव्हता. ती बिनआवाजाची प्रत कुणाच्या फोनवर जाणार नव्हती, तरी मला बसवेना. आई दारात उभी राहून पडद्याकडे बघत होती. “मोडलंस का?” तिने विचारलं. मी होकारार्थी मान हलवली.

तेवढ्यात सेमिसीचा निरोप आला. ‘आजीबाई झोपेत आहेत का काय? आवाज कुठे गेला?’ वेड्यासारखं काही केलं की तो मला आजीबाई म्हणतो.

मी त्याला सगळं लिहिलं. एम. टुलॉक कोण ते. एकतीस चुका कुठे सापडतील ते. दुसऱ्या दिवशी आठवलं होतं ते. पाठवलं आणि वाट बघितली.

तो जुनी पत्रं वाचत असावा. बऱ्याच वेळाने लिहिलं, ‘काल त्याच्या बायकोसमोर मी तुझं कौतुक केलं. तू करू दिलंस.’

‘हो.’

‘चहा आणायला गेलीस.’

‘हो.’

‘इथे एका पोरीचं नाव तुझ्यावरून आहे. तिच्या आईला हे मी सांगायचं का?’

‘मी सांगेन.’



मी आवाजाचा भाग परत घातला, लेखकाच्या जागी बाबाचं नाव लिहिलं, खाली चार ओळींत कारण लिहिलं आणि तपासणीला पाठवला. आमच्या नियमाने तो दुसऱ्या कुणीतरी वाचून मंजूर करावा लागतो. तपासणारा म्हणून मी सेमिसीचं नाव घातलं. त्याला नाही म्हणता आलं असतं.

त्याने सगळा भाग वाचला. हजारभर ओळी, तो रोज वापरतो त्याच. दोन तास लागले. आई फिरून आली, सूप गरम करून तिने माझ्यासमोर ठेवलं. तिसऱ्या तासाला त्याची एकच शंका आली, सगळ्यांना दिसेल अशी. मी दिलेल्या कारणातली एक ओळ त्याने अधोरेखित केली होती: ‘या भागात माझे वडील मर्डो टुलॉक यांची मोठी मदत झाली.’

त्याखाली सेमिसीने विचारलं होतं: ‘मदत केली की लिहिला?’

ते वाक्य मी लिहिलं तेव्हा मला त्यात काही चूक दिसली नव्हती. तीनदा वाचून पाठवलं होतं. आता बघितलं तर तिथेही मी स्वतःसाठी बसायला जागा ठेवली होती, आज सकाळी, आईच्या टेबलावर, त्याला पुरल्याला एक दिवसही झाला नव्हता तेव्हा.

मी ओळ बदलली. ‘हा भाग माझे वडील मर्डो टुलॉक यांनी लिहिला. मी तो आवरला आणि त्यांचं नाव काढलं.’

पाच मिनिटांत मंजुरीची हिरवी खूण आली. सेमिसी खुणेबरोबर नेहमी काहीतरी लिहितो, एखादा विनोद, एखादी शिवी. या वेळी काही नव्हतं. त्यानंतर लिस्टवर लोक एकामागून एक ती जुनी पत्रं उघडायला लागले. मी बसून ते बघत राहिले.