काउंटरवरची घंटा

भिंगरी घरी आली तेव्हा साडेतीन वर्षांची होती आणि रडत नव्हती. पडली तरी नाही, गुडघा फुटला तरी नाही. "काय गुणी पोर मिळाली बघा," असं मी शेजारणींना तोंड भरून सांगत सुटले. आज आठवलं की स्वतःच्याच मुस्काटात द्यावीशी वाटते. जिथून तिला दत्तक आणलं त्या संस्थेत चाळीस पाळणे होते आणि सांभाळायला दोन बायका. रडून कुणी येत नाही, हे ती बोलायला लागण्याआधीच शिकली होती.

भिंगरी हे नाव सासूबाईंचं, कारण ती एका जागी बसायचीच नाही. मी घरातच शिवणकाम करते. ती बटणांचा डबा उपडा करायची, गिऱ्हाइकांच्या मांडीवर चढून बसायची, अनोळखी बाईचं बोट धरून खुशाल चालू लागायची. एकदा पोस्टमन तिला घेऊन दारात उभा. "मावशी, ही माझ्याबरोबर चार गल्ल्या हिंडली की!" शाळेच्या वहीत एका ओळीत तीन अक्षरं, मग पेन्सिलीने पाडलेली भोकं. वर्ष संपेपर्यंत बघू, असं मोठ्या बाई म्हणाल्या. तो 'बघू' मला चांगला कळतो. न जमणारं काम टाळताना मीही गिऱ्हाइकाला तेच सांगते.

मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र शाळेचं काही विचारलं नाही. "हिला लागलं की ही कुणाकडे जाते?"

"कुणाकडेच नाही."

"मग आधी ते. दुखलं म्हणून ज्या दिवशी ती तुमच्याकडे येईल, त्या दिवशी मला फोन करा. बाकीचं त्यानंतर."

किती दिवस लागतील विचारलं, तर त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

तेव्हापासून मी वाट बघू लागले. आईने लेकराला लागायची वाट बघावी, ही काय रीत झाली? पण बघत होते खरी. तिला ठेच लागली की माझं मशीन थांबायचं. ती उठायची, दुसऱ्या कुणाचं असावं तसं स्वतःच्या रक्ताकडे बघायची आणि पळत सुटायची. मी पुन्हा पाय चालवायला लागायचे.

नवरा एका लॉजच्या काउंटरवर असतो. तिथली जुनी पितळी घंटा, वरून थापटली की वाजणारी, त्याने एक दिवस खेळायला म्हणून घरी आणली. जेवणाच्या टेबलावर ठेवून सहज वाजवली. खिडकीच्या गजांना लटकलेली भिंगरी खाली उतरली, धावत आली आणि हात मांडीवर ठेवून खुर्चीत ताठ बसली. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. संस्थेत उठणं, जेवणं, झोपणं, सगळं घंटेवर चालतं, हे आम्हाला तिथे सांगितलेलं होतं.

"आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन," नवरा म्हणाला.

मला तिथेच भीती वाटायला हवी होती. मला हायसं वाटलं. चार वर्षांत पहिल्यांदा मी बसून गरम जेवले.

मग काय, आंघोळीला टिंग, अभ्यासाला टिंग, झोपायला टिंग. घंटेला फक्त मोठ्यांनी हात लावायचा, हा नियम माझाच. महिनाभरात वहीची पानं भरायला लागली. वर्गातही एक घंटा आली आणि मोठ्या बाई रस्त्यात थांबून बोलल्या. डॉक्टरीणबाईंना मी फोन केला नाही. सगळं सुरळीत चाललंय, आता कशाला ते उकरून काढायचं, असं मनाशी म्हटलं. वाट बघणंही हळूहळू सुटलं.

त्या मंगळवारी दुपारी एका बाईंच्या झग्याला मी टाचण्या लावत होते. आतून जळका वास आला. इस्त्रीखाली कापड राहिलं असेल, जाऊ दे, म्हणून घेर पुरा केला, त्यांना दारापर्यंत सोडलं आणि मग आत गेले. कापड धड होतं. भिंगरी जेवणाच्या टेबलापाशी उभी होती, डावा हात अंगापासून जरा लांब धरून. मनगटापासून कोपरापर्यंत इस्त्रीचा टोकदार चट्टा उठला होता आणि कातडी सोलली होती. डोळ्यांत टिपूस नाही. ती घंटेकडे बघत होती.

"अगं, हाक का नाही मारलीस? मी दहा पावलांवर होते!"

एवढं साधं हिला कसं कळत नाही, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं. "घंटा नव्हती झाली ना," ती म्हणाली.

दुखलं म्हणून ती आली होती. चार वर्षांत पहिल्यांदा. घंटेकडे आली होती, आणि तिथे नियमाप्रमाणे हात न लावता उभी राहिली होती, मी झग्याचा घेर पुरा करेपर्यंत.

दवाखान्यातून आल्यावर मी घंटा कचऱ्याच्या डब्यात टाकली.

दुसऱ्या सकाळी भिंगरी उठली नाही. ताप नव्हता. पट्टी बांधलेला हात पांघरुणावर ठेवून, डोळे उघडे, ती छताकडे बघत सरळ पडून होती. मी हाका मारल्या. शेजारी आडवी होऊन केसांतून हात फिरवला. उचलून बसवलं, तर ती अलगद पुन्हा आडवी झाली. दूध दोनदा गरम केलं, दोनदा त्यावर साय आली. "बाळा, माझ्याकडे बघ. मी आहे ना. आई आहे मी तुझी." पाया पडायचंच काय ते बाकी होतं. साडेदहा वाजले, तरी तिच्या पोटात कालपासून अन्नाचा कण नव्हता.

मी उठले. डबा उघडला, चिंध्यांखालून घंटा काढली, पुसली, टेबलावर ठेवली आणि वाजवली.

धावत आली. खुर्चीत ताठ बसली, हात मांडीवर घेतले आणि घंटेकडे बघून गोड हसली.