साबणाच्या वडीएवढा ठोकळा

मित्रांनो, मी एक जुनी चिलखती गाडी आहे. बागेच्या फाटकाजवळ उभी असते ना, तीच. माझ्या पाठीवर बसून तुम्ही खाऊ खाता आणि रिकामी पाकिटं माझ्या चाकांभोवतीच्या लोखंडी पट्ट्यांत खुपसता, तरी मी कधी हूं की चूं केलं नाही. आज मात्र गप्प बसवत नाही. उद्या सकाळी बागेचा रखवालदार ग्राइंडर आणून माझ्या तोफेखालचा लोखंडी ठोकळा कापणार आहे. असेल साबणाच्या वडीएवढा. "एवढ्याशासाठी काय रडतेस गं?" असं म्हणण्याआधी माझं ऐकून तर घ्या.

मी जन्मले तेव्हा मला तोफबिफ काही नव्हती. जाड पोलादाची पेटी, खाली लोखंडी पट्टे आणि आत समोरासमोर दोन बाकं. बाकांवर जवान बसायचे, गुडघ्याला गुडघा लावून. गोळीबारातून त्यांना सुखरूप न्यायचं आणि मागच्या दाराने उतरवायचं, हे माझं काम. कोणी घोरायचं, कोणी घरच्या आठवणीने गुपचूप डोळे पुसायचं. पोटात माणसं असली की भरल्या घरासारखं वाटायचं.

मग शत्रूची विमानं यायला लागली. समोरची गोळी मी अंगावर झेलेन हो, पण डोक्यावरून येणाऱ्याचं काय करणार? विमानं पाडणाऱ्या तोफा होत्या, पण त्या ओढून न्यायच्या आणि मांडून बसायच्या. तोवर फौज कुठल्या कुठे जायची. तेव्हा धावत्या गाडीवरच तोफ चढवायची असं ठरलं आणि माझी रवानगी वर्कशॉपमध्ये झाली. बाकं उखडली, छत कापलं. तिथे लोखंडी कडं बसवलं आणि कड्यावर गरगर फिरणारी दोन नळ्यांची तोफ. माणसांच्या जागी दारूगोळ्याच्या पेट्या आल्या. खोटं कशाला सांगू, मला फार वाईट वाटलं.

पण माणसं मिळाली ती झकास. एक तोफवाला आणि एक ड्रायव्हर. तोफवाल्याची थोरली बहीण ड्रायव्हरला दिलेली, म्हणून तो त्याला दाजी म्हणायचा. ते ऐकून सगळं वर्कशॉपच त्याला दाजी म्हणू लागलं.

पहिल्याच चाचणीला तोफवाल्याने हौसेने तोफ गर्रकन फिरवली. दाजी समोरचं नीट दिसावं म्हणून पुढच्या, ड्रायव्हरच्या झाकणातून डोकं बाहेर काढून बसला होता. नळीने त्याची टोपी उडवली. सगळे खो खो हसले. वेल्डिंग करणाऱ्या मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी इंजिनिअर साहेबांना हाक मारली, दोघांनी खडूने खूण केली आणि मावशींनी कड्यावर हा ठोकळा जोडला. आता तोफ दाजीच्या झाकणाच्या अलीकडेच 'टक्' करून थांबायची. पलीकडे जायचं तर मागून वळसा घालायचा.

तोफवाला फुरंगटला. "मावशी, एवढं आभाळ मोकळं सोडायचं? माझा वळसा होईस्तोवर विमान काय थांबणार आहे?"

दाजीने त्याचीच री ओढली. "काढून टाका हो मावशी. हा बरोबर थांबेल. माझा विश्वास आहे त्याच्यावर."

"विश्वास ठेवा की," मावशी म्हणाल्या, "आणि ठोकळाही ठेवा. वर बघणाऱ्याला खाली कोण आहे ते दिसत नाही, बाबांनो."

तोफवाला कसला ऐकतोय! पुढच्या मुक्कामावर त्याने छिन्नी-हातोडा घेतला. ठोकळ्यावर दोन घाव अजून दिसतात, हात लावून बघा. मावशींचं वेल्डिंग हललं नाही. छिन्नीच बोथट झाली.

मग तो दिवस आला. आमची माणसं पूल ओलांडत होती आणि डावीकडून एक विमान अगदी खाली आलं. तोफवाला गोळ्या झाडत त्याच्या मागे तोफ फिरवू लागला. धुळीने काचेतून काही दिसेना, म्हणून दाजीने झाकण उघडून डोकं बाहेर काढलं होतं. विमान समोरून उजवीकडे सटकलं, नळ्या त्याच्या मागे वळल्या, आणि टक्! तोफ थांबली. गोळ्या दाजीच्या कानाजवळून गेल्या. विमान पुलाचा कठडा पाडून निसटलं. त्याची हळहळ मला आजही वाटते.

तोफवाल्याने मावशींच्या नावाने बोटं मोडली. मग त्याने खाली पाहिलं. नळ्यांच्या टोकापासून हातभर अंतरावर दाजीचं डोकं होतं.

तो धडपडत खाली उतरला. त्याने दाजीचं डोकं दोन्ही हातांनी चाचपलं, मडकं फुटलंय का बघावं तसं. "दाजी, ताईला काय तोंड दाखवलं असतं मी?"

"काय? मोठ्याने बोल!" दाजी ओरडला. तो कान पुढे कधी धड झालाच नाही.

त्यानंतर आम्ही विमानं पाडलीही. माझे फोटो निघाले, गळ्यात हार पडले. ठोकळ्याचा फोटो कोणी काढला नाही. मग विमानं माझ्यापेक्षा फार वेगवान झाली आणि मी एका शेडमागे गंजत पडले. शेवटी नळ्यांत सिमेंट भरून मला इथे तुमच्यात आणून ठेवलं. पाठीवर पुन्हा माणसांचा गलका आला, माझा जीव सुखावला.

आजच दोघी बहिणी आल्या होत्या. थोरली वर चढून जोर लावून तोफ वळवायचं चाक फिरवत होती. धाकटीने गंमत म्हणून ड्रायव्हरच्या झाकणातून डोकं बाहेर काढलं. ती जड नळी वेगाने तिच्याकडे आली, आणि टक्!

"काका, हे अडकतं!" थोरलीने तक्रार केली. "उद्या कापून टाकतो हं," रखवालदार म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नाही. पोरांचे हट्ट पुरवणारा भला माणूस आहे तो.

म्हणून मित्रांनो, उद्या शाळेत जाण्याआधी एवढं करा. त्याला म्हणावं, काका, आधी ड्रायव्हरच्या जागी बसा, डोकं बाहेर काढा आणि आमच्यापैकी कोणाला तरी चाक फिरवू द्या. टक् झालं की ग्राइंडर तो आपल्या हाताने बाजूला ठेवेल.