बांधावरची साक्ष

मांडवगण फराट्यात झुंबरबाईच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. शिरूरच्या मार्केट यार्डात ती मेथीच्या जुड्या घेऊन उतरली, की व्यापारी आधी चहा मागवायचे आणि मगच भावाचं बोलायचे. अशी ही बाई दिवाळीनंतर हळूहळू गप होत गेली, आणि घरादाराला आनंद झाला की हो! सून म्हणाली, आत्याबाई किती मवाळ झाल्या. भावकी म्हणाली, उशिरा का होईना, शहाणपण आलं.

जीव टांगणीला लागला तो एकट्या नवऱ्याचा, सावळारामचा. ज्या तोंडाला तो पस्तीस वर्षं वैतागला होता, त्याच्यावाचून आता त्याला घास गोड लागेना. एकदा व्यापाऱ्यानं भाव निम्म्यावर पाडला, तर झुंबरबाईनं नुसती मान डोलावली. त्याच दिवशी सावळारामनं दवाखान्याचं मनावर घेतलं.

त्यानं तिला शिरूरला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं. झुंबरबाई खाली मान घालून सगळ्याला बरं हाय म्हणत गेली. डॉक्टरीणबाई नव्या होत्या. त्यांना वाटलं, बाई मुळातच शांत स्वभावाची दिसते, ताकदीच्या गोळ्या पुरेत. शांत स्वभावाची! सावळारामनं कपाळाला हात लावला. पुढच्या आठवड्याला साक्षीदार घेऊन येतो, असं सांगून तो उठला.

साक्षीदार म्हणजे शेजारच्या वावरातली सारजाबाई. बांधावरनं दोघींचं वीस वर्षांचं हाडवैर. ती दारातूनच हाकलून देईल, असं सावळारामला वाटलं होतं. पण त्याचं बोलणं पुरतं व्हायच्या आत ती चपला घालून बाहेर आली.

डॉक्टरीणबाईंसमोर ती खुर्चीत ऐसपैस बसली. "ताई, म्या मुद्दाम माझी शेळी हिच्या मेथीत सोडली. दोनदा. हिनं बघितलं आन् तोंड फिरवलं. ह्यो आजार न्हाई, तर काय हाय?"

एवढं बोलून तिनं डोळ्याला पदर लावला.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. झुंबरबाई आधी कशी होती, किती वाजता उठायची, कुणाशी भांडायची, हे त्यांनी तासभर ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, दुसरी कुणी अशी गप असती तर मी तो स्वभाव धरला असता. हिचं हे गप होणं उदासीचा आजार आहे, आणि तो बरा होतो. तेव्हा कुठं झुंबरबाईला रडू फुटलं.

गोळ्या सून वेळेवर देऊ लागली. सारजाबाईनंही आपल्या परीनं इलाज सुरू ठेवला. दर सोमवारी शेळी मेथीत सोडायची आणि बांधावर कान देऊन बसायची.

सातव्या सोमवारी सावळाराम मोटर चालू करून पाणी देत होता, तेवढ्यात आवाज आला.

"सारजे, तुझ्या शेळीचं तंगडं मोडून हातात दिल्याबिगर ऱ्हायची न्हाई मी!"

पलीकडून सारजाबाईचंही तोंड सुटलं. सावळारामनं धावत जाऊन मोटर बंद केली. त्याला सगळं नीट ऐकायचं होतं.