गिधाडांची पंगत

चित्र काढण्याआधी पप्पांना विचारलं नाही, हा माझा पहिला गाढवपणा. काढून झाल्यावर दाखवलं नाही, हा दुसरा. आणि उद्घाटनाला मात्र आग्रह करकरून बोलावलं. मला वाटलं, बापाला बरं वाटेल.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत पूर्वी पत्र्याचे डबे बनायचे त्या गाळ्यात आता कलादालन आहे. भिंतींवरचा गंज मुद्दाम तसाच ठेवलाय, येणाऱ्यांना तो आवडतो. तिथे ‘रान आणि ताट’ नावाचं प्रदर्शन होतं. वन्यप्राणी, अन्न आणि माणूस असा विषय. एकाने वेफर्सच्या पाकिटांचा बिबट्या केला होता. माझं चित्र सगळ्यांत मोठं, दारातून शिरल्या शिरल्या समोर. मेलेला बैल, भोवती पंगतीला बसल्यासारखी गिधाडं आणि त्यांच्या मधोमध काठी उगारलेला दहा वर्षांचा मुलगा. दुसऱ्या हातात टोपली.

तो मुलगा म्हणजे माझे पप्पा, दशरथ.

लॉकडाउनमध्ये तापात पडले होते तेव्हा त्यांनी मला सांगितलं. आमचं गाव जालन्याकडचं. गावात जनावर मेलं की ते ओढून न्यायचं काम आमच्या लोकांचं, आणि त्याचा मोबदला म्हणजे तेच मांस. त्याच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवायच्या, त्या चान्या. गिधाडं आधी पोचली तर घरी काही यायचं नाही, म्हणून त्यांना हाकलायला पोरं पाठवायचे. मग आजोबांनी धम्म घेतला आणि घरात शपथ घातली की यापुढे मेलेल्या जनावराला हात लावायचा नाही. गावाने विहीर बंद केली, काम बंद केलं. चार दिवस चूल पेटली नाही. पाचव्या दिवशी पप्पा चोरून टोपली घेऊन गेले. आजोबांनी ती टोपली ओढ्यात फेकली, पोराला बडवलं आणि मग त्यालाच पोटाशी धरून रडले.

“हे तुझ्या आईलाबी कधी सांगितलं नाही,” पप्पा म्हणाले. “तू कुणापाशी बोलू नको.”

मी बोललो नाही. मी चित्र काढलं. नंतर मात्र प्रदर्शन भरवणाऱ्या रश्मीने विचारलं, “यार प्रबुद्ध, हे खरं आहे ना? वाचलेलं वगैरे नाही ना?” आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला. “घरातलं आहे,” म्हणालो. त्या एका शब्दावर मला समोरची भिंत मिळाली. मग चान्यांचंही सांगितलं. रश्मीला ते इतकं आवडलं, की तिने यज्ञेश नावाच्या शेफला सांगून पाहुण्यांसाठी मटणाच्या चान्या करवून घेतल्या. चव बघायला मला बोलावलं होतं. मी चार खाल्ल्या आणि झकास म्हणालो.

रविवारी संध्याकाळी पप्पा मानखुर्दहून वेळेच्या आधीच आले. दाढी करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. आयुष्यभर फिटरचं काम केलेला माणूस, आत शिरताना चप्पल काढायची का विचारत होता. मग त्यांनी समोर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी शेजारी निकालाची वाट बघत उभा.

तेवढ्यात एक मुलगी ट्रे घेऊन आली. “घ्या ना काका, चान्या आहेत. मराठवाड्याची जुनी रेसिपी.”

पप्पांनी ट्रेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तू खाल्लीस?”

“मटणाच्या आहेत, पप्पा.”

“ते नाही विचारलं मी.”

मी ट्रेवाल्या मुलीला पुढे जायची खूण केली. रश्मीचं भाषण सुरू झालं होतं. गिधाडं कशी नाहीशी झाली, निसर्गाशी आपलं नातं कसं तुटलं, ही माणसं काहीच कसं वाया घालवत नसत. पुढे उभ्या असलेल्या एका बाईंनी डोळे पुसले.

“गिधाडं गेली म्हणून रडायला लागलेत,” पप्पा म्हणाले. “आम्ही सुटलो त्याचं कुणाला काय नाही.”

“हळू बोला,” मी म्हणालो. मला खरंच तेवढंच सुचलं.

“आणि त्या चित्रातला मुलगा आज आपल्यात आहे,” रश्मी म्हणाली. हेही तिला मीच सांगितलं होतं. टाळ्या झाल्या, सगळ्यांचे मोबाइल आमच्याकडे वळले. ती माइक घेऊन पप्पांजवळ आली. “काका, निसर्गाच्या इतक्या जवळचं ते जगणं तुम्हाला आठवतं?”

पप्पा माइकपासून जरा मागे सरकले. “तो मी नाही,” ते शांतपणे म्हणाले. “आमच्या घरात असलं काही नव्हतं.”

रश्मीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या मागे दिल्लीचे पाहुणे उभे होते, हे चित्र तिकडच्या मोठ्या प्रदर्शनात न्यायचं त्यांच्या मनात होतं. एक वाक्य बोललो असतो तर मिटलं असतं. मनाने काढलंय, एवढंच. चित्र काही लहान झालं नसतं. फक्त ते ‘घरातलं’ राहिलं नसतं, आणि मला तसं व्हायला नको होतं. त्या क्षणी मला बापापेक्षा ती भिंत जास्त हवी होती, हे लिहिताना आज माझी मलाच किळस येते.

मी माइक हातात घेतला. “पप्पांचं वय झालंय,” म्हणालो. “आता त्यांना नीट आठवत नाही.”

लोक हळहळले. कुणीतरी लगबगीने खुर्ची आणली. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. चिडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीत बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि रश्मीकडे बघून म्हणाले, “तो सांगतो तसंच असेल, बाई. मला कुठं काय आठवतंय.”