उजवीकडची सीट

बारकी गेल्यापासून तिच्या वडिलांच्या तोंडाला कुलूप लागलं होतं. एकच वाक्य अधूनमधून बाहेर पडायचं, आणि तेही न पडतं तर बरं, असं सिस्टरला वाटायचं. "हात काय बांधून ठेवले होते तिचे?" समोर कुणी असो नसो, चपला काढता काढता ते एवढं म्हणायचे आणि आत निघून जायचे.

सिस्टर म्हणजे बारकीची आई. उभी हयात ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनच्या हातात कात्र्या-चिमटे देण्यात गेलेली. निवृत्त झाली तरी सगळी गल्ली तिला सिस्टरच म्हणायची. तिची धाकटी लेक वैमानिक झाली, तेव्हा याच गल्लीत सिस्टर चार दिवस जमिनीवरून चालत नव्हती. आणि त्याच लेकीचं विमान डोंगरात पडलं, त्याला आता वर्ष उलटलं होतं.

दोन पंख्यांचं, चाळीस माणसांचं विमान. डावीकडे कॅप्टन, उजवीकडे बारकी. चौकशीत काय निघालं ते पेपरात छापून आलं होतं. विमान उंच चढत होतं, त्यावर बर्फ साचत होता, वेग हळूहळू कमी होत होता आणि कॅप्टनचं तिकडे लक्ष नव्हतं. बारकी दोनदा म्हणाली, "सर, स्पीड." कॅप्टन म्हणाला, "दिसतंय मला. हात लावू नकोस." त्यानंतर विमान कोसळलं. बारकीच्या पुढ्यातही कॅप्टनसारखाच कंट्रोल होता, पुढे ढकलला की विमानाचं नाक खाली नेणारा दांडा. तिने तो वेळेवर पुढे ढकलला असता तर चाळीस माणसं घरी गेली असती, असं चौकशी करणाऱ्यांचं म्हणणं.

सिस्टरला ते काही केल्या पटेना. खुर्चीत बसून निवाडा करणाऱ्यांचं काय जातं? काहीतरी अडलं असेल, जड असेल, पोरीचा जोर पुरला नसेल. शेवटी तिने बारकीला शिकवणाऱ्या प्रशिक्षकालाच फोन लावला.

"ती ज्या यंत्रात शिकली, ते मला बघायचंय."

"ताई, कशाला खपली काढताय?" तो म्हणाला.

"खपली माझी आहे. तुम्ही फक्त दार उघडा."

दार उघडलं ते एका मोठ्या शेडमध्ये. सहा पोलादी पायांवर उभी असलेली पांढरी, बिनखिडक्यांची खोली. छोटा पूल ओलांडून आत गेलं की थेट विमानाचं नाक. बटणं, काटे, दिवे, दोन सीटा. उजव्या सीटचं कातडं कडेला झिजलं होतं. सिस्टर तिथे बसली. प्रशिक्षक डावीकडे बसला. चाळिशीचा, दमलेल्या डोळ्यांचा माणूस. त्याने एकेक गोष्ट बोट ठेवून दाखवली.

"खाली हवा दाट असते. पंख्याला ओढायला भरपूर मिळतं. जसजसं वर जाल तशी हवा विरळ, इंजिनाचा दम कमी, आणि पंख्याच्याही हाती फारसं काही लागत नाही. वर गेल्यावर मागाल तेवढी ताकद मिळत नाही, ताई. त्यात बर्फ साचला की बघायलाच नको. ऑटोपायलटला 'चढ' म्हटलं की तो बिचारा चढत राहतो. ताकद पुरेना झाली की नाक वर करतो आणि वेग खातो."

"आणि वेग संपला की?"

"मग पंख विमानाला धरून ठेवत नाहीत. तेव्हा नाक खाली दाबायचं. उंची जाते, पण वेग परत येतो."

सिस्टरने कंट्रोल पुढे ढकलून पाहिला. भरलेली हातगाडी रेटण्याइतकाही तो जड नव्हता. अडत तर मुळीच नव्हता. तिने तो पुन्हा एकदा ढकलून पाहिला. मग ती म्हणाली, "आता त्या दिवशी झालं तसं करा. कॅप्टन जे बोलला, तेच बोला."

"ताई..."

"तेच बोला."

समोरच्या काचेपलीकडच्या पडद्यावर राखाडी ढग आले. खोली डुलू लागली, पंख्यांचा आवाज छातीत घुमायला लागला. वायपरच्या टोकाला पांढरा थर चढला. वेगाचा आकडा एकेकाने उतरत होता, इतका सावकाश की दूध उतू जाताना तरी लवकर कळतं. सिस्टर डोळ्यांत तेल घालून बघत होती. कधी ढकलायचं तेही तिला ठाऊक होतं.

"स्पीड," ती म्हणाली.

प्रशिक्षक समोर बघत राहिला.

"सर, स्पीड!"

"दिसतंय मला," तो खेकसला. "हात लावू नकोस."

सिस्टरचे कंट्रोलकडे निघालेले हात मागे आले आणि मांडीवर पडले. आपोआप. कंट्रोल थडथडायला लागला, कुठेतरी भोंगा वाजला. प्रशिक्षकाने त्या कॅप्टनसारखाच कंट्रोल पोटाकडे ओढला, डावा पंख खचला, काटे गरगरले. मग सगळं एकदम थांबलं. समोरचा पडदा लाल झाला.

सिस्टर मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत होती.

"मला सगळं माहीत होतं," सिस्टर म्हणाली. "तुम्ही खोटे कॅप्टन आहात, हेसुद्धा."

"हो."

"तिला शिकवलं होतं ना तुम्ही?"

"शिकवलं होतं. कॅप्टनशी भांडा, हात झटका, पण दाबा. इथे छान करायची ती. पण इथे कॅप्टन मी असायचो, आणि माझी तिला भीती वाटायची नाही."

सिस्टरला थिएटरमधले ते मोठे सर्जन आठवले, ज्यांच्यापुढे ती तीस-पस्तीस वर्षं खाली मान घालून उभी राहिली. आणि घरी पोरीला शिकवलेलं आठवलं: मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालू नये. गुणाची पोर. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागायचं नाही.

"परत लावा," ती म्हणाली.

या खेपेला "हात लावू नकोस" ऐकताच ती ओरडली, "सोडा तो!" आणि दोन्ही हातांनी कंट्रोल पुढे रेटला. पोट घशाशी आलं. आकडा वाढू लागला, ढग विरले, खाली डोंगर दिसले, पण बऱ्याच खाली. विमान सरळ झालं.

"वाचलं," प्रशिक्षक हलकेच म्हणाला.

"सगळे?"

"सगळे."

इतकं सोपं होतं. सिस्टरला वाटलं होतं, रडू येईल; आलं नाही. प्रशिक्षक यंत्र बंद करायला वळला तेव्हा तिने त्याची बाही धरली.

"आता काय करायचं असतं?"

"आता? उतरायचं. अजून वेळ आहे त्याला."

"मग उतरवा. माणसं घरी वाट बघत असतील."

त्याने विमान खाली नेलं. ती शेजारी बसून राहिली. धावपट्टी आली, चाकं टेकली, पंखे थांबले. मग ती उठली.

घरी पोचली तेव्हा नवरा दारातच उभा होता. तिने काही लपवलं नाही. कंट्रोल अडत नव्हता, हे सांगितलं. आपले हात मांडीवर कसे पडले, तेही सांगितलं. "आपणच तिला तशी वाढवली," ती म्हणाली. तो भिंतीला धरून खाली बसला आणि वर्षभरात पहिल्यांदा रडला, लहान पोरासारखा, आवाज काढून. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. तिच्या अंगात तेवढं त्राण नव्हतं.

दोन-चार दिवसांनी चहा पिता पिता तो म्हणाला, "मी जाऊन येऊ का एकदा तिथे? त्या सीटवर बसून बघतो."

"नको," सिस्टर म्हणाली.

"का?"

त्या सीटवर त्याने कंट्रोल ढकलला असता, तर तो पोरीला जन्मभर माफ करू शकला नसता. नसता ढकलला, तर स्वतःला. यातलं ती काहीच बोलली नाही. पुन्हा "नको" म्हणाली, त्याच्या हातातला रिकामा कप घेतला आणि आत गेली.